७३ वेळा हरलो. पहिल्या तिसांनी शिकवलं, पुढच्या त्रेचाळिसांनी का नाही?

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.४८

मंडळी, दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो. विषय ऑनलाइन गेमचा आहे, पण गेम न खेळणाऱ्यांचंही मत हवंय.

आमचा आठ जणांचा गट आहे. पाच जण पुण्यातले (कर्वेनगर, वाकड, धनकवडी आणि दोघी औंधच्या), एक नाशिकची, एक कोल्हापूरचा, एक मित्र नोकरीसाठी जर्मनीत. शनिवार-रविवार रात्री साडेदहाला फायनल फँटसी १४ मध्ये भेटतो. तिथली एक अवघड लढाई गेले पाच आठवडे करतोय.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोर एक अजस्र राक्षस. आमच्यातले दोघे टँक, म्हणजे त्याचा मार अंगावर घेणारे. दोघे हीलर, जखमा भरून काढणारे. उरलेले चौघे मारणारे. लढाई दहाएक मिनिटांची. हल्ल्यांचा क्रम ठरलेला असतो आणि वेळेत मेला नाही तर शेवटी तो सगळ्यांना एका फटक्यात संपवतो. मधे एक जण चुकला तरी बहुतेक वेळा आठही जण मरतात. याला वाइप म्हणतात. मग पहिल्यापासून सुरुवात.

रविवारी आमचा ७३वा वाइप झाला. पहिल्या तीसेक वाइपमध्ये आम्ही झपाट्याने पुढे गेलो. दोन मिनिटं, साडेतीन, पाच. मग सहाव्या मिनिटाला अडकलो ते आजतागायत. तिथे आठांपैकी कुठल्याही चौघांच्या डोक्यावर खूण येते. त्यांनी चार कोपऱ्यांत पळायचं, बाकीच्यांनी मधे एकत्र थांबायचं. टँक आणि हीलर यांनी डावीकडचे कोपरे घ्यायचे, मारणाऱ्यांनी उजवीकडचे, असं ठरलेलं. तरी दोघं एकाच कोपऱ्यात जातात आणि खेळ खलास. दरवेळी चुकणारी माणसं वेगळी. चार-पाचदा बरोबर जमलं, पुढच्याच वेळी पुन्हा तेच.

रविवारी आमची नाशिकची हीलर "मी थोडे दिवस थांबते" म्हणून कॉलवरून गेली. त्याच्या आधीच्या वाइपला माइकवर कोणीतरी "अरे हील कुठंय?" असं ओरडलं होतं. तो मी होतो. तिची चूक नव्हती हे मला रेकॉर्डिंग पाहिल्यावर कळलं.

"अपयशातून शिका" हे लहानपणापासून ऐकतोय. मग सगळ्याच अपयशांतून का शिकता येत नाही?

---

वाचनवेडी
सोमवार, रात्री ११.५५

वाचतेय. गेम खेळत नाही, पण प्रश्न आमच्या शाळेच्या स्टाफरूमलाही लागू आहे.

---

चहाबाज
मंगळवार, सकाळी ७.२०

मी आणि बायको ओव्हरकुक्ड खेळतो. २०१६ चा गेम. चौघांपर्यंत खेळता येतो, स्वयंपाकघरात मिळून ऑर्डरी पूर्ण करायच्या. दिसायला गोंडस, पण भांडणं खरी होतात. आमच्यात एक फरक असा पडला: पहिले काही दिवस हरलो की दोघं एकदम बोलायचो. आता हरलो की आधी ज्याने त्याने स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं. "मी ताटं धुवायला विसरलो." "मी दोनदा टोमॅटो उचलला." दुसऱ्याबद्दल बोलायचं असेल तर त्यानंतर. एवढ्यानेच आवाज खाली आला.

रात्रपाळी, तुम्ही तिला फोन केलात का?

---

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ७.४१

मेसेज केला. माफी मागितली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

---

लोखंडी_हात
मंगळवार, सकाळी ९.०५

मी वेगळं बोलणार आहे. २००६ पासून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतोय, तेव्हा ४० जणांच्या मोहिमा असायच्या. ३९ जणांनी अभ्यास करून यायचं आणि एकाने व्हिडिओही न बघता यायचं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. एकाच चुकीला तिसऱ्यांदा माफी नाही, माणूस बदला. सात जणांच्या वेळेची किंमत कोणी करायची? सगळे नोकरी-संसार सांभाळून येतात. प्रेमाने समजावून झालं की निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर गट सुधारतो हा माझा अनुभव आहे.

आणि ७३ आकडा फार नाही. वॉरक्राफ्टमधल्या किलजेडेन या राक्षसाला २०१७ मध्ये सगळ्यांत आधी मारणाऱ्या मेथड या गटाला ६५४ वाइप लागले होते, आणि ती जगातली अव्वल मंडळी.

---

ढोलवाली
मंगळवार, सकाळी १०.१२

लोखंडी_हात, पण रात्रपाळींनी लिहिलंय की दरवेळी चुकणारे वेगळे आहेत. मग काढणार कोणाला? आठांनाही?

मी सात वर्षं पथकात ढोल वाजवते. गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात सराव असतो. नवीन मुलं आली की एखादा हात हमखास फसतो, आणि गंमत अशी की फसतो तो नेहमी त्याच जागी, माणूस मात्र रोज वेगळा. आमचे वादक-प्रमुख म्हणतात, एकच माणूस चुकत असेल तर माणसाकडे बघा, एकच जागा चुकत असेल तर जागेकडे बघा. मग ढोल खाली ठेवून सगळ्यांना गोल बसवतात आणि तेवढेच चार ठोके तोंडाने म्हणून घेतात, ताशासकट. पाच मिनिटांत कळतं की अर्ध्या लोकांच्या डोक्यात ताशाची उठान वेगळीकडे आहे. हाताला दोष देत बसलो असतो तर मिरवणूक आली असती.

तुमची जागा एकच आहे, सहावं मिनिट. तिथे काहीतरी आहे.

---

आकडेमोड
मंगळवार, दुपारी १.३०

+१ ढोलवाली.

मी लढाईच्या नोंदी वाचणारा माणूस. वॉरक्राफ्टमध्ये प्रत्येक फटक्याची नोंद नंतर उघडून बघता येते. नवखे लोक त्यात पहिली गोष्ट बघतात ती म्हणजे आधी कोण मेलं. तिथेच फसतात. जो आधी मेला तो बऱ्याचदा दुसऱ्याच्या चुकीचा बळी असतो. टँकने राक्षसाला बारा सेकंदांपूर्वी भलतीकडे वळवलेलं असतं, त्यामुळे हीलरला लांब पळावं लागतं, त्यामुळे एक हील चुकतं, आणि मरतो तिसराच. नोंदीत नाव येतं तिसऱ्याचं आणि शिव्या खाते हीलर.

म्हणून माझी पद्धत: मरणाच्या क्षणापासून वीस सेकंद मागे जायचं आणि तिथून पुढे बघायचं. तेही एकाच्या नव्हे, किमान दोघांच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून.

---

अभ्यासिका_क्र_४
मंगळवार, दुपारी ३.१५

सदाशिव पेठेत राहतो, एमपीएससी करतोय. दोनदा पूर्व परीक्षेतच नापास झालो. रूमवर आम्ही चौघं बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळायचो, रात्री जेवणानंतर तासभर. पबजी मोबाइलवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तेव्हा मी गावी बारावीत होतो. मग २०२१ ला बीजीएमआय आला, २०२२ ला मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून गायब झाला, २०२३ ला परत आला. या सगळ्या काळात माझी खेळणारी माणसं बदलत गेली.

मला एवढंच सांगायचंय की एकट्याचं हरणं आणि चौघांचं हरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निकाल लागला की मी पांघरूण घेऊन पडतो, कोणाला चेहरा दाखवत नाही. काय चुकलं ते बघायला उत्तरपत्रिका उघडायलाच मला तीन आठवडे लागले. गेममध्ये हरलो की दहा सेकंदांत चौघं बोलत असतो, "तू वर चढायला नको होतंस", "धूर आधी टाकायचा ना". तिथे हरणं लपवता येत नाही, सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे लाज कमी आणि बोलणं जास्त.

मग गेल्या महिन्यापासून आम्ही चौघांनी सराव परीक्षेचे पेपरही तसेच तपासायला घेतले. शेजारी बसून, एकमेकांचे. "हा प्रश्न का सोडलास?" माझे चुकीचे पर्याय बहुतेक वेळा घाईचे निघाले, अज्ञानाचे नव्हे. हे मला एकट्याला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

---

वाचनवेडी
मंगळवार, दुपारी ३.२८

बाळा, हे फार छान लिहिलंस. यंदा होईल तुझं.

---

ठायलय
मंगळवार, सायंकाळी ६.५०

मी तबला शिकवतो आणि "अपयशातून शिकता येतं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. चुकीचा बोल चाळीस वेळा वाजवला तर काय शिकता? चुकीचा बोल. हात बसतो तो चुकीचाच बसतो, आणि बसलेला हात उठवायला नव्याने शिकण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. माझ्याकडे दुसरीकडून शिकून आलेली मुलं येतात तेव्हा हे रोज अनुभवतो.

तुमच्या पहिल्या तीस वेळांत प्रत्येक वेळी पुढचा नवा भाग दिसत होता, म्हणून शिकलात. पुढच्या त्रेचाळीस वेळांत तोच भाग त्याच वेगाने, त्याच गोंधळात वाजवलात. आमच्याकडे असं अडलं की लय उतरवतात. ठाय लयीत, एकेक अक्षर मोकळं करून. वेगात ऐकू न येणारी चूक ठायीत लख्ख ऐकू येते.

तुमच्या गेममध्ये वेग कमी करता येतो का, मला माहीत नाही. येत नसेल तर गेमच्या बाहेर कमी करा.

---

लोखंडी_हात
मंगळवार, सायंकाळी ७.०२

गेममध्ये लय उतरत नाही हो सर. राक्षस थांबत नाही. तिथेच सगळी अडचण आहे.

---

निवृत्त_तंत्रज्ञ
मंगळवार, रात्री ८.४०

नमस्कार. हवाई दलात विमान-देखभालीत तीस वर्षं काढली, आता विश्रांतवाडीत असतो. नातू खेळतो म्हणून हा धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला.

लय उतरवण्याबद्दल: हवाई कसरती करणारे वैमानिक उड्डाणाआधी जमिनीवर एकामागोमाग चालत अख्खी कसरत करतात. हात विमानासारखे धरून, तोंडाने आदेश म्हणत. पाहणाऱ्याला हसू येतं. पण आकाशात ताशी शेकडो किलोमीटर वेगात जे करायचं ते आधी पायी करून झालेलं असतं. राक्षस थांबत नसेल तर राक्षसाशिवाय चाला.

दुसरी गोष्ट त्या मुलीबद्दल. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने विचारलंही. ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे उत्तर दिलं आणि तो गप्प बसला. अशा अपघातांचा अभ्यास करताना लक्षात आलं की यंत्र ठीक होतं, हाताखालचा माणूस बोलू शकत नव्हता हे बिघडलेलं होतं. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या संवादाचं प्रशिक्षण उभं राहिलं. आज जगभर ते दिलं जातं.

तुमच्या गटात माइकवर ओरडल्यानंतर सहा मिनिटांच्या त्या जागेबद्दल कोणाला काही दिसलं असेल, तरी तो बोलेल का? ती मुलगी गेली त्यापेक्षा उरलेले सहा जण गप्प झाले असतील तर ते जास्त गंभीर.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ९.१५

काका, हे वाचून खुर्चीवरून उठलो. खरंय. रविवारी शेवटच्या दहा वाइपमध्ये कॉलवर फक्त माझा आवाज आहे. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

---

रांगडा_टँक
मंगळवार, रात्री ९.३२

भावा, मी तुझाच टँक हाय, कोल्हापूरचा. धागा सापडला. खरं सांगू? मला चौथ्या आठवड्यापासनं वाटत हुतं की आपलं कोपऱ्याचं गणित कुठंतरी गंडलंय. पण तू एवढा तापलेला असायचास की म्हटलं जाऊ दे, उगं नवीन खुसपट नको. चुकलंच माझं बी. बोलाय पायजे हुतं.

---

चिमणीची_आई
मंगळवार, रात्री १०.०५

अवांतर, पण जवळचंच. माझ्या बारा वर्षांच्या लेकीबरोबर मी डीप रॉक गॅलॅक्टिक खेळते. चार बुटके खाणकामगार, अंधाऱ्या गुहा, किड्यांचे थवे. एक जण पडला तर दुसऱ्याने जवळ जाऊन काही सेकंद थांबून त्याला उठवायचं असतं. आम्ही सारख्या हरायचो आणि मला वाटायचं मला बंदूक नीट चालवता येत नाही.

एके दिवशी चिमणी म्हणाली, "आई, तू हरतेस कारण तू मला वाचवायला येतेस." मी तिला पडलेलं बघितलं की आजूबाजूचे किडे न मारता धावत जायचे. मग मी पडायचे. मग तिसरा आम्हाला उठवायला यायचा, तोही पडायचा. एकाच्या पडण्याने चौघं जायची. तिने नियम केला: आधी जागा साफ, मग माणूस. "मी पडलेली असताना मला काही होत नाहीये, तू शांतपणे ये."

त्या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. तिचं गणित कच्चं आहे आणि मी तिथेही असंच धावत जाते. आता परीक्षेत कमी गुण आले की दोन दिवस काही बोलत नाही. मग ती स्वतःच वही घेऊन येते. दरवेळी नाही, पण येते.

---

ढोलवाली
मंगळवार, रात्री १०.११

चिमणीला माझ्याकडून एक चॉकलेट.

---

जुना_खेळाडू
बुधवार, सकाळी ८.३०

दोन गोष्टी राहिल्यात.

एक, कधीकधी चूक खेळणाऱ्याची नसतेच. वॉरक्राफ्टमध्ये सीथून नावाचा राक्षस होता. जगातले चांगले गट आठवडेच्या आठवडे त्याच्यावर डोकं आपटत होते. नंतर स्पष्ट झालं की तो त्या अवस्थेत मारताच येत नव्हता, आकड्यांचं गणितच जुळत नव्हतं. २००६ मध्ये कंपनीने दुरुस्ती केली आणि थोड्याच दिवसांत तो पडला. तोवर किती गटांनी एकमेकांना दोष दिला असेल! म्हणून "आपण कुठे चुकलो" याच्या आधी "हे जमण्यासारखं आहे का, आणि इतरांना जमलंय का" हे विचारावं. रात्रपाळींच्या बाबतीत इतर गटांना जमलंय, त्यामुळे हा मुद्दा निकालात.

दोन, तुम्ही ज्या गेममध्ये हरताय त्याचीच गोष्ट बघा. फायनल फँटसी १४ पहिल्यांदा सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि सपशेल आपटला. मंद, किचकट, रिकामा. डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी नंतर एका व्याख्यानात सांगितलं की आधीच्या चमूने दिसण्यावर इतका भर दिला होता की एका फुलाच्या कुंडीत खेळाडूच्या पात्राइतका तपशील भरलेला होता. म्हणजे मेहनत कमी नव्हती, भलत्या जागी होती. त्यांनी जुना गेम चालू ठेवून दुरुस्त्या केल्या आणि त्याच वेळी नवा बांधायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनं जग गेमच्या कथेतच चंद्र कोसळवून बंद केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम आणला. खेळाडूंना काय चाललंय ते ते सतत पत्रं लिहून सांगत राहिले. मला त्यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. चूक झाकली नाही, तिची गोष्ट केली.

---

लोखंडी_हात
बुधवार, सकाळी ९.१०

जुना_खेळाडू, बरोबर. पण योशिदांनी माणसं आणि पद्धती बदलल्याच ना? माझं म्हणणं तिथेच येतं. काही वेळा जुनं चालू ठेवून भागत नाही. या गटाबद्दल मी घाई केली हे मान्य, चुकणारे दरवेळी वेगळे हा मुद्दा मी नीट वाचला नव्हता. तत्त्व म्हणून मात्र मी माझ्या जागी आहे. तयारी न करता येणाऱ्याला गटाने सांभाळत बसू नये.

---

जिलबी_आणि_त्रिशूळ
बुधवार, रात्री ९.४५

उशिरा आलो. ढोलवालींचं "डोक्यात वेगळीकडे" हे वाचून एक आठवलं.

कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स, २०१५ चा गेम. एकासमोर बॉम्ब असतो, त्याला पुस्तिका दिसत नाही. बाकीच्यांसमोर पुस्तिका असते, त्यांना बॉम्ब दिसत नाही. वेळ संपायच्या आत बोलून बोलून निकामी करायचा. त्यात चित्रविचित्र चिन्हं येतात. आम्ही भावंडं दिवाळीत खेळलो. मी म्हणायचो "गोल गोल जिलबी", ताई म्हणायची "असं काही नाहीये". स्फोट. चार वेळा स्फोट. शेवटी तिचं पान बघितलं तर माझी जिलबी म्हणजे तिची "शेपटीवालं उलटं सहा". मग आम्ही पहिली दहा मिनिटं नावं ठरवण्यात घालवली: जिलबी, त्रिशूळ, तुटका चमचा, हसरा मासा. त्यानंतर सलग सहा बॉम्ब निकामी केले. हात तेच, डोकी तीच.

रात्रपाळी, तुमच्या गटात "डावीकडे" म्हणजे कोणाचं डावीकडे?

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री ९.५८

थांबा.

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री १०.३६

आताच गटावर सगळ्यांना एक प्रश्न टाकला: "सहाव्या मिनिटाला डावीकडे म्हणजे कुठे? नकाशाचं चित्र काढून पाठवा." चार चित्रं आली आहेत. दोन एका बाजूची, दोन दुसऱ्या.

शनिवारी सकाळी पुण्यातले पाचही जण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटतोय. चालून बघतो.

---

चहाबाज
बुधवार, रात्री १०.४०

अंगावर काटा आला. शनिवारची वाट बघतोय.

---

अभ्यासिका_क्र_४
शनिवार, दुपारी १२.२०

काय झालं? रूमवर चौघं जण रिफ्रेश करतायत.

---

रात्रपाळी
शनिवार, दुपारी २.०५

सांगतो, सविस्तर.

सकाळी सहाला नळ स्टॉपला पोहे खाल्ले. पोहे संपेपर्यंत गेमबद्दल बोलायचं नाही असं औंधच्या दोघींनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते बरं झालं. पाच आठवडे आम्ही एकमेकांशी फक्त वाइपबद्दल बोलत होतो. वाकडच्या मित्राच्या वडिलांची बायपास झाली हे मला काल, छे, आज कळलं.

मग पार्किंग. खडूने मोठा चौकोन काढला, मधे पाण्याचा कॅन म्हणजे राक्षस. कॅनला कागदाचा बाण चिकटवला, त्याचं तोंड कुठे ते दिसावं म्हणून. कोल्हापूरच्या टँकच्या जागी एक चप्पल, नाशिकच्या हीलरच्या जागी दुसरी, जर्मनीतला मित्र व्हिडिओ कॉलवर. तिकडे पहाट व्हायची होती तरी तो उठून बसला. वॉचमन काका आधी लांबून बघत होते, नंतर बाण ते फिरवायला लागले.

ठाय लयीत चाललो. एक पाऊल, थांबा, बोला. तिसऱ्या फेरीतच सापडलं. आमच्यातले निम्मे "डावीकडे" म्हणजे नकाशाचं डावं धरत होते, पश्चिम. निम्मे राक्षसाची डावी बाजू धरत होते, तो जिकडे तोंड करून उभा असेल त्याप्रमाणे. त्याचं तोंड उत्तरेला असलं की दोन्ही डावीकडे एकच येतात. म्हणून ते चार-पाच वेळा जमलं होतं! त्या वेळी आम्हाला वाटलं, आज सगळ्यांचं लक्ष होतं. आणि जमलं नाही की वाटायचं, कोणाचं तरी लक्ष नव्हतं. प्रत्यक्षात त्या क्षणी टँक राक्षसाला कुठे वळवून उभा आहे एवढ्यावर सगळं ठरत होतं. पहिल्या तीस वाइपमध्ये डावं-उजवं लागतच नव्हतं, म्हणून हे कधी वर आलंच नाही.

बहात्तर तासांपूर्वीपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं की लोक चुकतायत. आठही जण आपापल्या जागी बरोबर होते.

आता कोपऱ्यांना नावं दिली आहेत: सिंहगड, पर्वती, चतुःश्रृंगी, वेताळ. खऱ्या पुण्यात त्या जशा दिशांना आहेत तशा नकाशावर बसत नाहीत यावरून वीस मिनिटं वाद झाला, तो मी लिहीत नाही. डावं-उजवं हे शब्द बंद.

आणि माइकबद्दल. वाइप झाला की पहिली दहा सेकंद मी बोलणार नाही. चहाबाज, तुमची पद्धत घेतली आहे, ज्याने त्याने आधी स्वतःबद्दल. निवृत्त_तंत्रज्ञ काका, पहिला बोलण्याचा मान सगळ्यात नवीन सदस्याला. आज रात्री साडेदहाला बसतोय. आम्ही सात जण, आणि हीलर म्हणून मिळेल ती अनोळखी व्यक्ती.

---

ठायलय
शनिवार, दुपारी २.३०

कॅनला बाण लावलात ते उत्तम. विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

---

निवृत्त_तंत्रज्ञ
शनिवार, दुपारी ४.००

वॉचमन काकांनाही माझा नमस्कार सांगा. बाहेरचा एक माणूस बघत असला की चूक लवकर सापडते.

---

जिलबी_आणि_त्रिशूळ
शनिवार, दुपारी ४.१८

वेताळ टेकडीचा कोपरा कोणाला दिलात?

---

रात्रपाळी
रविवार, रात्री १.४०

सहावं मिनिट पार. सात वेळा गेलो, सातही वेळा पार. राक्षस मेला नाही. नवव्या मिनिटाला नवीन काहीतरी आहे, मोठ्या लाटा येतात आणि आम्हाला अजून कळलेलं नाही की कुठे उभं राहायचं. सात वाइप झाले, एकूण ऐंशी. प्रत्येक वाइपनंतर कॉलवर आठ आवाज होते. रांगडा_टँक सगळ्यात जास्त बोलला.

तात्पुरती आलेली हीलर चांगली होती, पण तिला पुढच्या आठवड्यात जमणार नाही.

---

गोदाकाठ
रविवार, सकाळी ११.१५

इथे खातं नव्हतं, आज उघडलं. मी नाशिकची हीलर.

चित्राचा प्रश्न गटावर आला तेव्हा मीही काढलं होतं, पाठवलं नाही. मी राक्षसाचं डावं धरत होते. म्हणजे तुझ्या "हील कुठंय"च्या वेळी मी बरोबर कोपऱ्यात होते आणि तू बरोबर कोपऱ्यात होतास, आणि माझं हील तुझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. पाच आठवडे मला वाटत होतं की माझा हात हळू पडतोय. मी रोज ऑफिसनंतर एकटी बसून सराव करत होते. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

माफीचा मेसेज पोहोचला. लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नव्हतं.

नवव्या मिनिटाच्या लाटांचं रेकॉर्डिंग पाठव, कोणाचंही दोघांचं. मला वाटतं दुसरी लाट पहिलीच्या उलट बाजूने येते, मी एका गटाचं बघितलंय. आज साडेदहाला येते. माझ्या चपलेच्या जागी मी.

---

रांगडा_टँक
रविवार, सकाळी ११.१८

ये की!

---

रात्रपाळी
रविवार, सकाळी ११.२६

पाठवलं. माझं आणि टँकचं, दोन्ही. वेताळ टेकडीचा कोपरा तुझाच ठेवलाय.